फियाट कुर्ल्याची, मग जाळी इटलीची कावून?

अमरावती-अकोल्याकडे एखाद्या वाड्यात, नाहीतर कापसाच्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी फियाट तुमच्यापैकी कुणीतरी पाहिली असेलच. आजोबांनी घेतलेली. आता नातवाला ती पुन्हा चालू करायचीय, आणि तो मोबाइलवर इटलीहून पुढची जाळी मागवतोय. 'ओरिजिनल' म्हणून. थांब ना बाप्पा!

आधी ही गाडी कुठली ते पाहू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला बाहेरून आलेले सुटे भाग इथे जोडायचे. नंतर एकेक भाग इथंच बनू लागला. 1950 च्या दशकातली ती गोलमटोल 'डुक्कर फियाट', जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, ती याच कारखान्यातली. 1964 ला 1100 डिलाइट आली. 1972 मध्ये तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. साचा तोच, नाव दोनदा बदललं. म्हणजे पद्मिनीला इटलीची जाळी लावली, तर ती जुनी असेल, महागही असेल, पण त्या गाडीची नाही.

मग त्या गाडीची कोणती? हे गाडीच सांगते. डिक्की उघडा आणि नावाची अक्षरं जिथं बसतात तो पत्रा आतून बघा. 'डिलाइट' आणि 'पद्मिनी' यांची भोकं सहसा एका जागी येत नाहीत. बाहेरून बुजवून रंग मारलेलं जुनं भोक आतून दिसतं. माझ्या मते चकचकीत बॅजपेक्षा हा पुरावा पक्का.

दुसरं, दरवाजाच्या कडेचं रबर काढा. कारखान्याचं स्पॉट वेल्डिंग म्हणजे ठरावीक अंतरावर छोटे गोल खळगे. गॅरेजमधलं गॅस वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. पकड ढिली पडली की आत पुट्टी आहे समजा. आणि एक गंमत: तीन दरवाजांच्या आत निळा रंग, चौथ्यात काळा? तो दरवाजा बहुतेक मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा. त्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या.

आपल्याकडे एक फायदा आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा सडतो, वऱ्हाडाच्या कोरड्या हवेत तो जास्त टिकतो. अकोल्याचं ऊन मात्र रबर आणि रंग खाऊन टाकतं. त्यामुळे रबर नवं घ्या, बिनधास्त. पत्रा मात्र होईल तितका जुनाच ठेवा. गंज लागलेला बंपर फेकून नवा लावण्याआधी त्यावर पुन्हा क्रोम चढवता येतं का ते विचारा.

हे सगळं कावून? जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. नवी नोंदणी 20,000 रुपयांची, 10 वर्षांसाठी, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. रोज फिरवायची परवानगी नाही, प्रदर्शन-रॅलीला चालते. 1974 च्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडताहेत. तेव्हा डेंटिंगवाल्याकडे गाडी सोडण्याआधी त्या भोकांचे आणि रबराखालच्या कडांचे फोटो काढून ठेवा. एकदा घासून रंग चढला की ते पुन्हा दिसणार नाहीत.