परटाची भट्टी ते ड्रायक्लीनिंग

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातील जुने बाजारपेठेचे गाव. या भागातील गावगाड्यात कपडे धुण्याचे काम बारा बलुतेदारांपैकी परटाकडे असे. मोबदला रोख नव्हे, तर सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. लग्नात पायघड्या अंथरण्याचा मानही परटाचाच.

परटाचे काम कौशल्याचे होते. घराघराचे कपडे ओळखू यावेत म्हणून त्यांवर बिब्ब्याच्या रसाची खूण केली जाई. ती धुण्याने जात नसे. मळकट सुती कपडे पापडखाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवत. खारामुळे तेलकट मळ सुटे. मग दगडावर आपटून, वाहत्या पाण्यात खळबळून ते उन्हात वाळवले जात. पांढऱ्या धोतरांना नीळ आणि खळ दिली जाई. पुढे कोळशाची इस्त्री आली. रेशमासाठी मात्र खार वर्ज्य होता; तिथे रिठ्याचे सौम्य पाणी वापरत.

ड्रायक्लीनिंगचा उगम मात्र एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचा. नाव ‘कोरडे’ असले तरी कपडे द्रावकातच धुतले जातात. फक्त त्यात पाणी नसते. सुरुवातीला टर्पेंटाइन, पेट्रोलियमजन्य द्रावके वापरली गेली. ती पेट घेत, म्हणून 1930 च्या दशकापासून न पेटणारे परक्लोरोएथिलीन रूढ झाले. लोकर पाण्यात आटते, जरीचे रेशीम बिघडते; द्रावकात तंतू फुगत नाहीत आणि तेलकट डाग विरघळतात. त्यामुळे पैठणी, शालू, कोट यांसाठी हीच पद्धत योग्य ठरली. बलुते संपून रोखीची लाँड्री आली, तरी कापड ओळखून धुण्याचे परटाचे ज्ञान आजही या व्यवसायाचा पाया आहे.