कायदा कोणी केला? वावराच्या वारसाहक्कातून समजून घेऊ

आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचं एक उदाहरण धरू. बाप वारला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि थोडं वावर. आई-वडील आधीच गेलेले, कर्ज आणि मेहर फिटलेला. शरीयतच्या हिशोबाने २४ भाग केले तर बायकोला ३, मुलाला १४, मुलीला ७. हा हिशोब घरातल्या मोठ्यांना माहीत असतो. पण उद्या भावाने "वावरात बहिणीचा हिस्सा नसतो, आपल्यात रिवाज नाही" म्हटलं तर? कोर्ट कोणता कायदा लावणार?

कुरआन, हदीस, इज्मा आणि कियास हे फिकहचे आधार. ते कोणत्याही विधानसभेने बनवलेले नाहीत. कोर्टात मात्र ते लागू होतात, कारण विधिमंडळाने तसं लिहून ठेवलंय. अधिकार असलेल्या संस्थेने लेखी नियम करणं, म्हणजेच विधिनियमन. रिवाज आणि न्यायालयाचे निवाडे हे कायद्याचे दुसरे उगम.

वर्धा जिल्हा इंग्रजी अमलात मध्य प्रांतात होता. तिथे १८७५ च्या मध्य प्रांत कायदे अधिनियमाचं कलम ५ चालायचं: वारसा, निकाह, मेहर यात पक्षकार मुस्लिम असतील तर मुस्लिम कायदा, पण घराण्याचा वेगळा रिवाज सिद्ध झाला तर रिवाज. हाच दरवाजा बंद करायला १९३७ चा शरीयत अधिनियम आला. त्याने कलम ५ विसंगत असेल तेवढ्यापुरतं रद्द केलं. यात हिस्से लिहिलेले नाहीत. तो फक्त शरीयत लागू करतो.

आता खोच बघा. त्याच अधिनियमात शेतजमिनीचे प्रश्न वगळले आहेत. कारण श्रद्धेचं नव्हतं, अधिकाराचं होतं. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने शेतजमिनीचा वारसा प्रांतांकडे दिला होता, केंद्राला त्यावर हात घालता येत नव्हता. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतल्या नोंद ५ मध्ये हा अपवाद उरला नाही. मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये आपापल्या राज्यापुरते ते शब्द काढलेही. केंद्राच्या मूळ मजकुरात ते अजून आहेत.

म्हणून मुलीला वावरात काही नाही, असं मुळीच नाही. १८७५ च्या कायद्यातही मूळ नियम मुस्लिम कायद्याचाच होता आणि रिवाज सिद्ध करायचं ओझं रिवाज सांगणाऱ्यावर. "आपल्यात चालत नाही" एवढं बोलून भागत नाही.

आता प्रकार. संसद आणि राज्य विधिमंडळाचे अधिनियम हे वरिष्ठ विधिनियमन. तेही राज्यघटनेच्या चौकटीतच. सभागृहाची बैठक चालू नसताना निघतो तो अध्यादेश. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो. तीन तलाकवर पहिला अध्यादेश १९ सप्टेंबर २०१८ ला निघाला, २०१९ मध्ये आणखी दोनदा काढावा लागला, आणि अखेर ३१ जुलै २०१९ ला राष्ट्रपतींच्या संमतीने अधिनियम झाला. मतं काहीही असोत, एकाच विषयावर अध्यादेश आणि अधिनियम दोन्ही बघायला मिळाले.

दुसरं, दुय्यम विधिनियमन. वरच्या कायद्याने दिलेल्या अधिकारात सरकार नियम करतं, उच्च न्यायालय कामकाजाचे नियम करतं, आर्वीसारखी नगरपरिषद उपविधी करते. ग्रामपंचायत घरपट्टी बसवते तीही राज्याने ठरवलेल्या दरांच्या आतच. अधिनियमाच्या बाहेर गेलेला नियम कोर्टात टिकत नाही.

सातबाऱ्यावर हे दोन्ही थर दिसतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची. तोंडी दिली तरी चालते, पण लेखी देऊन पोच घ्या. नोंदवह्या कशा ठेवायच्या, ते १९७१ च्या नियमांत. अर्जात सगळे वारस लिहा, लग्न होऊन सासरी गेलेली बहीणसुद्धा. फेरफाराने मालकी जन्माला येत नाही, त्यामुळे नाव राहिलं म्हणून हिस्सा बुडत नाही; मात्र चुकीची नोंद दुरुस्त करायला पुढे बरीच पायपीट होते. आणि "हक्कसोड" म्हणून कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीचं हक्कसोडपत्र १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे नोंदवावंच लागतं.