नांवांची वही आणि तिची मोहोर

इ. स. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अर्पानेट जाळ्यावरील यंत्रांचीं नांवें व पत्ते एकाच यादींत नोंदले जात. कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील माहितीकेंद्रांत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालीं ती राखली जाई. यंत्रें वाढलीं, तसें हें काम एका ठिकाणीं निभेना. १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं डोमेन नेम सिस्टम ही योजना मांडली. प्रत्येक विभागाची वही ज्याची त्यानें सांभाळावी. मुख्य सर्व्हरनें ती लिहावी, दुय्यमानें नक्कल ठेवावी. नक्कल शिळी झाली कीं काय, हें वहीवरील अनुक्रमांकावरून कळे. १९९६ मध्यें, वही बदलतांच दुय्यमास वर्दी देण्याची रीत ठरली.

परंतु नक्कल मागणारा खरा कोण? नुसत्या पत्त्यावर भरंवसा ठेवणें धोक्याचें होतें. म्हणून २००० सालीं 'टीसिग' पद्धत आली. दोघांसच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीनें प्रत्येक निरोपावर जणूं मोहोर उठवावयाची.

त्याच वर्षींच्या 'बाइंड ९' नें एकाच सर्व्हरवर अनेक 'व्ह्यू' ठेवण्याची सोय केली. घरच्यांस एक वही, परक्यांस दुसरी. आतां दुय्यमाचा पत्ता एक आणि वह्या दोन, अशी अडचण उभी राहिली. ती टीसिगनेंच सुटली. प्रत्येक व्ह्यूस स्वतंत्र किल्ली दिली, म्हणजे मोहोर पाहून सर्व्हर योग्य तीच वही उघडतो. वर्दीवरही तीच मोहोर लागते. येथें हयगय झाली, तर घरची वही परक्यांपुढें उघडी पडते.