घरातला गॉगल



गेल्या महिन्यात नात्यातल्या एका बारशाला गेले होते. संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये लखलख दिवे, सगळ्याजणी पाळण्याभोवती. आणि माझी चुलत जाऊ एका कोपऱ्यातल्या खुर्चीत चक्क काळा गॉगल लावून बसलेली! मी शेजारी उभ्या असलेल्या वहिनींना म्हटलं, "काय बाई शायनिंग! छतातून ऊन येतंय वाटतं." वहिनी हसल्या. जाऊबाईंनीही मान वळवली आणि त्याही थोडं हसल्या. त्यांना ऐकू गेलं असेल असं मला त्या वेळी वाटलंच नाही.

चार दिवसांनी सासूबाईंकडून कळलं. जाऊबाईंच्या डोळ्याच्या आत सूज आली होती. बाहुली मोठी करणारे थेंब दिवसातून तीनदा घालायचे होते, आणि त्यामुळे साधा ट्यूबलाइटसुद्धा डोळ्यात टोचत होता. बारशाला येऊ नका असं सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी बाळाला बघायचं म्हणून त्या आल्या होत्या.

मला रात्री झोप लागेना. घरात गॉगल लावणारा माणूस दिसला की आपल्याला लगेच हसू का येतं, आणि ही रीत आली कुठून, असं मनात आलं. मग वाचत बसले. वाचलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

पहिलं नवल हे, की गडद काचा आणि ऊन यांचा संबंध सुरुवातीपासून होताच असं नाही. जुन्या चीनमध्ये न्यायाधीश धुरकट स्फटिकाच्या काचा डोळ्यांवर लावून बसत, असं सांगतात. साक्षीदार बोलत असताना आपल्या मनात काय चाललंय ते डोळ्यांतून कुणाला कळू नये, हा हेतू. म्हणजे घरात, छपराखाली काळा चष्मा लावण्याची कल्पना शेकडो वर्षांची आहे बघा! पुढे अठराव्या शतकात लंडनच्या जेम्स आयस्कॉफ यांनी निळसर आणि हिरवट काचांचे चष्मे बनवले. तेही उन्हासाठी नव्हते. पांढऱ्या काचेची चमक डोळ्यांना त्रास देते, असं त्यांचं मत होतं.

उन्हाचा चष्मा सर्वसामान्यांच्या हातात आला तो १९२९ नंतर. अमेरिकेत सॅम फॉस्टर यांनी अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर स्वस्त गॉगल विकायला सुरुवात केली. त्याच्या आसपासच्या काळात हॉलिवूडचे नटनट्याही काळ्या चष्म्यांत दिसू लागले होते. लोकांना तो थाट वाटला. पण त्या काळच्या शूटिंगचे दिवे इतके प्रखर असत, की नटांचे डोळे लाल होऊन सुजत, पाणी वाहे. त्या दुखण्याला दिव्यांच्या नावावरून 'क्लीग आइज' असं नावच पडलं होतं. दुखणं त्यांचं, आणि फॅशन झाली आपली!

मग आले जॅझ संगीतकार. १९४० च्या दशकात लेस्टर यंग, थेलोनियस मंक यांच्यासारखे कलावंत रात्रीच्या अंधाऱ्या क्लबांत काळा चष्मा लावून वाजवत. 'कूल' हा शब्द आजच्या अर्थाने रुळवण्याचं श्रेय बरेच जण लेस्टर यंग यांनाच देतात. हे कृष्णवर्णीय कलावंत. त्यांनी सतत हसत राहावं, गोऱ्या प्रेक्षकांना खूश ठेवावं, अशी त्यांच्याकडून अपेक्षा असे. गॉगलमागे डोळे झाकले की ती सक्ती संपे. माझं संगीत ऐका, माझा चेहरा वाचू नका, असंच जणू ते सांगत होते. मला तर ही शायनिंग वाटत नाही, स्वाभिमान वाटतो.

रॉय ऑर्बिसन या गायकाची गोष्ट आणखी साधी. त्यांना चष्मा लागत असे. १९६३ च्या सुमारास प्रवासात ते नेहमीचा चष्मा विमानात विसरले. नंबरचा काळा चष्मा तेवढा जवळ होता, तोच लावून स्टेजवर उभे राहिले. लोकांना आवडला आणि तीच त्यांची ओळख झाली.

आपल्याकडेही तमिळनाडूचे करुणानिधी आठवा. विधानसभेत असोत वा घरी, काळा चष्मा कायम. अपघातात त्यांच्या डोळ्याला इजा झाली होती. आयर्लंडचा गायक बोनो याची तर वर्षानुवर्षे टिंगल झाली. शेवटी २०१४ मध्ये त्यानेच सांगितलं, की त्याला जवळजवळ वीस वर्षांपासून काचबिंदू आहे.

नुसता तोरा मिरवणारे नसतातच, असं मी म्हणत नाही. माझा भाचासुद्धा जेवणाच्या ताटावर गॉगल लावून बसतो आणि आमटी सदऱ्यावर सांडतो! फॅशनच्या जगातल्या ॲना विंटूर २०१८ मध्ये लंडनच्या एका शोमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या शेजारी बसल्या, तेव्हाही त्यांनी गॉगल काढला नाही. कपडे आवडले की नाही हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्या तो लावतात. म्हणजे पुन्हा तो चिनी न्यायाधीशच की!

पण काचेच्या बाहेरून आपल्याला यातलं काही दिसत नाही. मागे दुखणं आहे, रडून सुजलेले डोळे आहेत, की नुसती हौस, हे काच सांगत नाही. आपण मात्र क्षणात निकाल देऊन मोकळ्या होतो.

परवा जाऊबाईंकडे जाऊन आले. जाताना बेसनाचे लाडू नेले होते, पण आधी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, मला ऐकू आलं होतं. पण तेव्हा डोळ्यातून पाणी येत होतं ना, ते गॉगलमुळे कुणाला दिसलं नाही. बरंच झालं."

ते पाणी थेंबांचं होतं की माझ्या बोलण्याचं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. खोलीतला दिवा तेवढा मी उठून बंद केला, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो.