वर्णवर्ग

वर्णवर्ग : संगणकातील मजकुरात शोध घेताना एका स्थानी कोणकोणती चिन्हे ग्राह्य धरावयाची, हे चौकोनी कंसात दर्शविणारी लेखनपद्धती. ज्या सूत्ररूप लेखनास इंग्रजीत ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ म्हणतात, त्या नियमित पदावलीचा हा एक घटक होय. उदा., [कखग] हा वर्ग क, ख, ग यांपैकी कोणत्याही एका चिन्हाशी जुळतो. [०-९] या लेखनात दोन टोके देऊन मधला पल्ला सुचविलेला असतो. कंसाच्या आरंभी ^ ही खूण केल्यास वर्गाबाहेरचे कोणतेही एक चिन्ह ग्राह्य ठरते.

नियमित पदावलीचा उगम मज्जातंतूंच्या अभ्यासात आहे. वॉरन मॅक्‌कलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मज्जातंतुजालाचे तर्कशास्त्रीय प्रतिमान मांडले. अशी जाले कोणत्या घटनाक्रमांना ओळखू शकतात, या प्रश्नाचा विचार अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीव्हन कोल क्लीनी (१९०९–९४) यांनी १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशनमध्ये केला. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात पर्याय, अनुक्रम व पुनरावृत्ती या तीन क्रियांनी असे घटनाक्रम व्यक्त होतात, हे सिद्ध केलेले आहे. या मांडणीत वर्णवर्ग नव्हता. तात्त्विक दृष्ट्या त्याची गरजही नाही, कारण तो अनेक पर्यायांचा संक्षेप असतो. परंतु रोमन लिपीतील सव्वीस अक्षरे प्रत्येक वेळी पर्याय म्हणून लिहिणे व्यवहारात अशक्यप्राय होते.

हा व्यवहार बेल प्रयोगशाळेत सुरू झाला. केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये नियमित पदावलीवरून शोध घेण्याची रीत प्रसिद्ध केली आणि मजकूर-संपादनाच्या आज्ञावलीत ती वापरली. युनिक्स या प्रणालीतील ‘एड’ या संपादकाद्वारे चौकोनी कंसाचे लेखन रूढ झाले. १९७३ मध्ये ‘ग्रेप’ ही स्वतंत्र शोध-आज्ञा उपलब्ध झाली. सर्व ओळींत पदावली शोधून जुळणाऱ्या ओळी छापण्याच्या एडमधील आज्ञेवरून तिचे नाव पडले.

पल्ल्याचा अर्थ मात्र वर्णमालेवर नव्हे, तर संकेतकोष्टकातील क्रमांकांवर अवलंबून असतो. आस्की या अमेरिकन संकेतात ‘ए’ ते ‘झेड’ ही मोठ्या लिपीतील अक्षरे ६५ ते ९० या सलग क्रमांकांवर आहेत. आयबीएम कंपनीच्या एब्सिडिक संकेतात तीच अक्षरे तीन गटांत विभागलेली असून मध्ये अन्य स्थाने येतात. फ्रेंच वा जर्मन भाषांतील स्वरखुणांची अक्षरे तर आस्कीच्या पल्ल्यात मुळीच येत नाहीत. या अडचणीवर १९९२ मधील पॉझिक्स मानकाने अक्षर, अंक, रिक्त जागा इत्यादींसाठी नामांकित वर्ग दिले आणि त्यांतील सदस्य ठरविण्याचे काम स्थानिक भाषेच्या व्यवस्थेकडे सोपविले. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडमध्ये पुढे प्रत्येक चिन्हास गुणधर्म जोडले गेले व त्यांवरूनही वर्ग करता येऊ लागले.

देवनागरीच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट होते. मराठी वर्णमालेत ळ हा वर्ण ह नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र क चा क्रमांक ०९१५, ळ चा ०९३३ व ह चा ०९३९ आहे. त्यामुळे वर्णमालेच्या सवयीने [क-ळ] असे लिहिल्यास व, श, ष, स, ह ही पाचही व्यंजने गळतात. ती [क-ह] या पल्ल्यात येतात व ळ ही त्यात सामावतो. स्वरांचा [अ-औ] हा पल्ला ०९०५ ते ०९१४ असा आहे. परंतु २००८ मध्ये समाविष्ट झालेल्या ॲ ला ०९७२ हा क्रमांक मिळाल्याने तो बाहेर राहतो. शिवाय काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण इ. चिन्हांची गणना युनिकोडमध्ये अक्षरांत न होता जोडखुणांत होते. केवळ ‘अक्षर’ या गुणधर्मावर शब्द शोधल्यास ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात. अक्षरांबरोबर जोडखुणांचाही वर्ग घेतला, तरच शब्द अखंड सापडतो.

मजकुराचा शोध, शब्दांची मोजणी, नावांची तपासणी अशा कामांत वर्णवर्ग नित्य वापरले जातात. केवळ रोमन अक्षरे मान्य करणाऱ्या वर्गामुळे देवनागरीत बिनचूक लिहिलेले नावही चुकीचे ठरते. अशा वेळी दोष लिहिणाऱ्याचा नसून वर्गात गृहीत धरलेल्या लिपीचा असतो. म्हणून वर्णवर्ग निश्चित करण्यापूर्वी संबंधित भाषेत अक्षर कशास म्हणतात, याचा निर्णय आधी करावा लागतो.