गणनशिक्षण, बालवाडीतील

सुमारे तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांस वस्तू मोजणे, संख्यानामे व अंकचिन्हे यांचा क्रमशः परिचय करून देणारे पूर्वप्राथमिक शिक्षणाचे अंग. संख्यानामे मुखोद्गत होणे व संख्याबोध होणे या भिन्न गोष्टी असून, प्रत्येक वस्तूस क्रमाने एकच नाम लावता येणे आणि अखेरीस उच्चारलेले नाम समग्र समूहाचे द्योतक आहे हे उमगणे, ही त्या बोधाची गमके होत.

मारिया माँटेसरी यांनी यासाठी संख्यादंड व खरकागदी अंक योजिले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी (१९४५) व पुढे कोसबाड (१९५७) येथे परिसरातील विनामूल्य वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला.

मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी, तर २५ लिहिताना दशक आधी येतो, म्हणून मुले २५ व ५२ यांची अदलाबदल करतात. यावर तोडगा म्हणून बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची तजवीज केली, तेव्हा मोठा वाद झाला.

मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील शाहपूरसारख्या महाराष्ट्राच्या सरहद्दीलगतच्या कसब्यात घरी मराठी बोलणाऱ्या बालकापुढे हिंदी शाळेत ‘अकरा’ व ‘ग्यारह’, ‘एकोणपन्नास’ व ‘उनचास’ अशा दुहेरी मालिका उभ्या राहतात. अशा ठिकाणी दहापर्यंतची गणना प्रथम घरच्या भाषेत, खडे, बिया वा फणीतील केळी प्रत्यक्ष हाताळून दृढ करावी आणि शाळेची नामे तदनंतर जोडावीत, हा क्रम इष्ट होय.