वजन उतरविण्यासाठी वजन उचला, पण बेताने!

गगनबावडा : जून लागला, की करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांवर धुके उतरते आणि सप्टेंबर सरेपर्यंत पावसाची झड थांबत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस झेलणारा हा तालुका. अशा दिवसांत पहाटेचा फेरफटका हमखास सुटतो आणि घटत आलेले वजन पुन्हा वाढू लागते. पावसाची ही सबब शहरवासीयांच्याही परिचयाची आहे. तिच्यावर घरातल्या घरात करता येण्याजोगा उपाय म्हणजे वजनांचा व्यायाम. मात्र त्यापासून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हे आधी जाणून घेतले नाही, तर पहिल्याच महिन्यात निराशा पदरी पडते.

काटा का हलत नाही?

अर्धा तास वजने उचलल्याने साधारणतः १०० ते १५० उष्मांक खर्ची पडतात. एक किलो चरबीत मात्र सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. म्हणजे केवळ या व्यायामाने एक किलो चरबी घटवायची, तर अशी पन्नासहून अधिक सत्रे करावी लागतील. वजन उतरते ते मुख्यतः आहारावर ताबा ठेवल्याने.

मग वजने उचलायचीच कशाला? नुसत्या उपासमारीने वजन घटविले, तर उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो; त्यात स्नायूंचाही समावेश असतो. रक्तातील साखर वापरण्याचे मोठे काम स्नायू करतात. ते झिजले, की अंगातील शक्ती जाते आणि मधुमेहाकडे कल असणाऱ्यांचे अधिक नुकसान होते. वजनांचा व्यायाम ही झीज रोखतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी चालण्यासारख्या व्यायामाबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे सुचविले आहे.

तालमीचा धडा

कोल्हापूरच्या मातीला हा विषय नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींची नावे महाराष्ट्रभर पोचली. तालमीत आलेला नवखा मुलगा आधी जोर-बैठका काढतो. जड मुद्गल त्याच्या हाती नंतर येतो. घरी व्यायाम सुरू करणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा.

स्पर्धांतील वेटलिफ्टिंगचे अनुकरण घरी करू नये. सांगलीच्या संकेत सरगर याने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळविले. पण क्लीन अँड जर्क प्रकारात त्याच्या कोपराला दुखापत झाली. कसलेल्या खेळाडूची ही गत, तर नवख्याने किती जपावे, हे सांगणे न लगे.

सुरुवात कशी करावी?

पहिले दोन आठवडे केवळ शरीराच्या वजनावर व्यायाम करावा. त्यानंतर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली (वजन सुमारे एक किलो), पाच किलो तांदळाची पक्की शिवलेली पिशवी किंवा डंबेल वापरावेत. सुरुवातीस पाच प्रकार पुरेसे आहेत.

१. बैठक : पिशवी छातीशी धरून, खुर्चीवर बसल्यासारखे खाली जावे आणि उठावे.

२. जोर : आधी भिंतीला, मग ओट्याला हात टेकवून आणि जमल्यावर जमिनीवर.

३. वाकून उचलणे : पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकावे आणि जमिनीवरील वजन अंगालगत उचलावे.

४. ओढणे : एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हाताने वजन कमरेपर्यंत ओढावे.

५. डोक्यावर उचलणे : दोन्ही हातांतील बाटल्या खांद्यापासून वर न्याव्यात.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा करावा. अशा दोन फेऱ्या, मध्ये एक-दीड मिनिट विश्रांती. आठवड्यातून दोन ते तीन दिवस पुरेत; मध्ये एक दिवस मोकळा सोडावा. शेवटच्या दोन आवर्तनांना कष्ट पडतील, इतकेच वजन निवडावे. सलग दोन दिवस बारा आवर्तने सहज जमली, की वजन थोडे वाढवावे. वजन उचलताना श्वास सोडावा. तो रोखून धरू नये.

पावसाळ्यात फरशी ओलसर राहते. पाय घसरू नये म्हणून खाली न सरकणारी चटई अंथरावी. लोखंडी डंबेल दमट हवेत गंजतात. ते पुसून ठेवावेत.

पैलवानाचा खुराक नको

दूध, तूप आणि थंडाई हा खुराक तासन्‌तास घाम गाळणाऱ्या मल्लासाठी असतो. अर्धा तास व्यायाम करणाऱ्याने तो घेतला, तर वजन वाढेल. गोड, तळलेले पदार्थ आणि भाताचे प्रमाण आवरावे. प्रथिने मात्र कमी पडू देऊ नयेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढांना प्रतिकिलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण सुमारे ५८ ग्रॅम होते. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम, तर पेलाभर दुधातून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. कुळथाचे पिठले, मटकीची उसळ, डाळ, दही, मासे यांतून उर्वरित भरून काढता येते.

ही दक्षता घ्या

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मणक्याचा विकार असणाऱ्यांनी तसेच गर्भवतींनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याविना सुरुवात करू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा. दुसऱ्या दिवशी अंग दुखणे स्वाभाविक आहे; पण सांध्यात कळ आली, छातीत दुखले वा भोवळ आली, तर तत्काळ थांबावे. छातीतील दुखणे न थांबल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्रगती मोजण्यासाठी रोज काट्यावर उभे राहण्याऐवजी दर पंधरवड्याला टेपने कंबर मोजावी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असणे भारतीयांसाठी हितकारक मानले जाते. जूनमध्ये आरंभ करून आहार सांभाळला, तर घाटातले धुके विरेपर्यंत काटा कदाचित थोडाच खाली आलेला असेल. कमरेचा पट्टा मात्र एखादे भोक आत सरकलेला दिसेल.